आजोबांचं घर, तीन बिऱ्हाडं आणि आत्याची सही

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून काढलाय. माझे दर दोन वाक्यांनी येणारे 'म्हणजे' आणि मागून वाजणारा कुकर तेवढा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच.)

मागचे दोन भाग आपण पगार, नोकरी बदलणं वगैरेवर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, गावात आमचं जुनं घर बंद पडून आहे. विकायला घरचे तयार नाहीत, राहायला कोणी नाही. दुरुस्त करून भाड्यानं दिलं तर परवडतं का?"

परवडतं का, याचं उत्तर मी आकड्यांसकट देणार आहे. पण आधी गोष्ट सांगावी लागेल, कारण माझे आकडे तीनदा बदलले आणि तिन्ही वेळा चूक सिमेंट-विटांच्या हिशोबात नव्हती.

आमचं घर अमरावतीला, परकोटाच्या आत. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवती दगडी तटबंदी आहे. १८०७ मध्ये निजामाच्या राजवटीत ती बांधायला घेतली, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांना वाचवायला. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावं त्यातूनच आली. गेटांशिवाय लहान दारं होती, त्यांना खिडकी म्हणायचे. पटेल खिडकी, माता खिडकी असा पत्ता लोक आजही लिहितात आणि फूड डिलिव्हरीवाला पोरगा फोन करून विचारतो, "कोणत्या मजल्यावरची खिडकी?"

तटाच्या आत जागा मोजकी, म्हणून घरं भिंतीला भिंत लावून. समोर ओसरी, मग चौक, मागे न्हाणी, वर माडी. भिंती दोन-दोन फुटांच्या, पांढऱ्या मातीच्या. लाकूड सगळं सागवान. मेळघाट जवळ आणि कापसाचा पैसा हातात, त्यामुळे जुन्या लोकांनी लाकडात कंजूषी केली नाही. आजोबांनी हे घर १९५८ साली विकत घेतलं. आजी गेल्यावर कुलूप लागलं. बाबांनी रिटायरमेंटआधीच कॅम्पकडे फ्लॅट घेतला होता, मी पुण्यात. वर्षातून एकदा, नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला आलो की कुलूप उघडायचं, उंदरांना दर्शन द्यायचं आणि परत लावायचं.

दिवाळी २०२२. वर्क फ्रॉम होम अजून चालू होतं, मी महिनाभर घरी होतो. आणि सॉफ्टवेअरवाल्या माणसाला महिनाभर मोकळं सोडलं की तो एक्सेल उघडतो.

माझं पहिलं एक्सेल असं होतं. खाली तीन खोल्या, वर तीन. सहा खोल्या, प्रत्येकी चार हजार भाडं, महिन्याला २४ हजार. खर्च अकरा लाख. म्हणजे चार वर्षांच्या आत वसूल. बाबांना दाखवलं. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "सहा बिऱ्हाडाले संडास किती?"

एक्सेलमध्ये संडास नव्हता.

हसू नका. तुमच्याकडेही असं एक्सेल असेल. आपण खोल्या मोजतो, कारण खोल्या दिसतात. जुन्या घराचा खर्च पाणी ठरवतं. पाणी कुठून येणार, कुठे साठणार, कुठून जाणार, आणि मातीच्या भिंतीला किती लागणार. सहाच्या तीन झाल्या त्या तिथेच. तीन स्वतंत्र बिऱ्हाडं, प्रत्येकाला स्वतःचं संडास-बाथरूम, स्वतःचा ओटा.

बाबांचा दुसरा प्रश्न मात्र वेगळा होता. "भाडेकरू निघून जाईन का?"

आपल्या पिढीला ही भीती समजत नाही, म्हणून थोडं मागे जाऊ. विदर्भ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तिथला १९४९ चा घरभाडे नियंत्रणाचा आदेश आपल्याकडे पुढे पन्नास वर्षं लागू राहिला, महाराष्ट्रात आल्यावरसुद्धा. त्यात घर रिकामं झालं की मालकानं सरकारला कळवायचं. भाडेकरूला काढायचं असेल तर नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी. हेतू वाईट नव्हता, फाळणी आणि टंचाईचे दिवस होते. पण त्यातून मालकांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही. आमच्या आजोबांनी समोरची खोली वीस वर्षं कुलूप लावून ठेवली, पण भाड्यानं दिली नाही. जुन्या शहरांत बंद दारं इतकी का दिसतात याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता चित्र वेगळं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे राहण्याचा परवाना द्यायचा, मुदत लिहायची, मुदत संपली की जागा परत. नाही दिली तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. आणि इथे एक गैरसमज मोडायचाय. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" असं तुम्हाला दहापैकी नऊ लोक सांगतील. महाराष्ट्रात हे चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, आणि वाद झालाच तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा. आम्हाला एका करारामागे स्टॅम्प ड्युटी दोनशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणी फी एक हजार पडली. हजार-बाराशे रुपये वाचवायला लोक दहा-वीस लाखांचं घर टांगणीला लावतात, हे मला खरंच कळत नाही.

बाबांना हे सगळं मोबाइलवर दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "ठीक हाय. पण कागद कोणाच्या नावावर करशीन? घर तं अजून आबाच्याच नावावर हाय."

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

शहरातल्या घराचा कागद म्हणजे आखीव पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. तिच्यावर आजोबांचंच नाव. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आजोबा गेले, आजी गेली, मागे दोन वारस. बाबा आणि आत्या. घर आजोबांनी स्वतः विकत घेतलेलं, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणेच मुलगा आणि मुलगी सारखे. बरेच जण म्हणतात, मुलींना हक्क २००५ नंतर आला. तो वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा विषय, आणि महाराष्ट्रानं तर तो बदल १९९४ मध्येच केला होता. बापाच्या स्वतःच्या कमाईच्या, मृत्युपत्र न केलेल्या घरात मुलगी पहिल्यापासूनच होती. थोडक्यात, अर्धं घर आत्याचं.

घरात यावर कोणी वाद घातला नाही. कोणी वाद घालत नाही, हाच त्यातला प्रॉब्लेम. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आत्या हक्कसोड देईल. काका मंडळींपैकी एकजण तर मला म्हणाले, "अकोल्याले जाय, चांगली साडी घे, सही आण. बहीण नाई म्हनत नाई." आणि मी, बीटेक, पुण्यात स्त्री-पुरुष समानतेच्या ऑफिस ट्रेनिंगला प्रश्नोत्तरांत शंभरपैकी शंभर मिळवलेला माणूस, वकिलाकडून हक्कसोड पत्राचा मसुदा करून घेतला. साडीही घेतली. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

जानेवारी २०२३. बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर, मग अकोला. आत्या जुन्या शहरात राहते, असदगडाच्या बाजूला. मामाजी गेले त्याला सात वर्षं झाली. दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. तिचा मुलगा सुरतला. अकोला आता नीटच्या क्लाससाठी किती मोठं झालंय ते तुम्हाला माहीत आहे. बुलढाणा, वाशिम, यवतमाळकडून पोरं तिथे येतात आणि रिकाम्या प्लॉटवर होस्टेल उभं राहतं. आत्याच्या घरमालकानंही तेच ठरवलं होतं. घर पाडून खोल्या काढायच्या. तिला मार्चपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं. हे मला तिनं नाही सांगितलं. चहा घेता घेता शेजारच्या काकूंनी सांगितलं.

मी साडी दिली. मग कागद काढला. आत्यानं डब्यातून चष्मा काढला आणि पूर्ण वाचला. चार पानं. मी मध्ये म्हणालो, "आत्या, फॉर्मॅलिटी असते," तर बोट वर करून मला थांबवलं. ती जुनी मॅट्रिक आहे, वाचते ते नीट वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली,

"येच्यात लिहेल हाय का मी राजीखुशीनं सोडून देऊन राह्यली."

"हो."

"बरं. पण राजीखुशी हाय का नाई, हे तं कोणी इचारलंच नाई मले."

रागानं नाही म्हणाली. एखाद्या फॉर्ममध्ये चूक दाखवावी तसं. मग पेन मागितलं. "कुठी करू सांग."

मी कागद परत बॅगेत घातला. मला हिरोगिरी करायची नाहीये. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त लाज वाटली आणि तिथून पळावंसं वाटलं. परतीच्या गाडीत बाबांना फोन केला, तर बाबा चिडले. "मंग हप्ता कोण भरीन? तिचा हिस्सा ठेवला तं खर्चही अर्धा तिनं कराव." हा मुद्दा चुकीचा नव्हता. सगळा पैसा माझा लागणार होता. काहीच न टाकता अर्धं भाडं तिला, हे कागदावर न्यायाचं दिसत नाही. पण तसं पाहिलं तर बाबांनी तरी काय टाकलं होतं?

दोन महिने घरात या विषयावर कोणी बोललं नाही. शेवटी तोडगा आत्यानंच सांगितला, फोनवर. "तुह्या पैसा आधी काढून घे बावा. मले उरल्यातलं दे." मग आम्ही तो लिहून काढला. भाड्यातला अर्धा भाग माझ्या कर्जाच्या हप्त्याला. उरलेला अर्धा बाबा आणि आत्या निम्मा-निम्मा. कर्ज फिटलं की पूर्ण भाडं दोघांचं अर्धं-अर्धं. आखीव पत्रिकेवर वारस म्हणून दोघांची नावं चढवून घेतली. भाडेकरारावर मालक म्हणून दोघांच्या सह्या. एक फायदा मला नंतर सीएनं सांगितला. दोघांचे हिस्से ठरलेले असले की भाड्याचं उत्पन्न दोघांच्या नावानं वेगळं मोजलं जातं, आणि प्रत्येकाला घरभाड्यावर ३० टक्के ठरावीक वजावट मिळते.

"अमरावतीले येऊन राह्य, तुहंच घर हाय," असं बाबा तिला म्हणाले. हे बाबांनी म्हणणं मोठी गोष्ट होती. ती आली नाही. अकोल्यातच दुसरी खोली पाहिली. तिचं भजनी मंडळ तिथं, दवाखाना तिथं. घरात हिस्सा असणं आणि त्या घरात राहावंसं वाटणं, या दोन गोष्टी आपण उगाच एक करतो.

आता बांधकाम. इथे हात राखून बोलणार नाही, कारण मेसेज पाठवणाऱ्यांना हेच हवंय.

ऑक्टोबर २०२३ ला काम सुरू. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवलं. ही फी वाचवू नका. त्यानं आणि सुतारानं मिळून प्रत्येक मयाल पेचकसानं टोचून पाहिली. मयाल म्हणजे मुख्य तुळई. सागाचा गाभा ठणठणीत होता, पण भिंतीत घुसलेली टोकं तीन ठिकाणी सडलेली, एका ठिकाणी उधई. जुन्या घरात लाकूड मधे मोडत नाही, ते भिंतीच्या आत, न दिसणाऱ्या जागी जातं. तीन टोकांना खालून लोखंडी आधार दिला.

मग भिंती. नव्वदच्या दशकात आजोबांनी हौसेनं सगळ्या मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर आणि वरून ऑइल पेंट मारला होता. कमरेपर्यंत सगळीकडे पोपडे. मी म्हणालो, वॉटरप्रूफिंगचा चांगला कोट मारू. मिस्त्री म्हणाले, "मारा. दोन सालानं अजून मारा. मातीले घाम येते साहेब, अन् तुम्ही तिले रेनकोट घालून देल्ला. हे सारं सिमेट खरडा लागते." जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. मातीची किंवा चुन्याची भिंत ती हवेत सोडते. वर सिमेंट असलं की ओल आत कोंडते आणि प्लास्टर ढकलून बाहेर येते. आम्ही सगळं सिमेंट खरडलं आणि चुना-वाळूचं प्लास्टर केलं. कळीचा चुना टाक्यात भिजवून मुरवायचा, त्यात विटांची भुकटी. काम हळू होतं, वाळायला वेळ लागतो, आणि हे करणारे हात आता कमी राहिलेत. आमचे मिस्त्री साठीचे आहेत. चुन्यावर वरून रंगही चुन्याचाच. ज्यांना भिंती गुळगुळीत चकचकीत हव्यात त्यांनी हे करू नये.

संडास-बाथरूम जुन्या भिंतीला टेकवायचेच नाहीत, हे इंजिनिअरनं आधीच सांगितलं होतं. मागच्या अंगणात एक वेगळा उभा भाग बांधला, तिन्ही बिऱ्हाडांची संडास-बाथरूम तिथेच एकमेकांवर-शेजारी, पाइप सगळे एका बाजूनं उघड्यावर. गळलं तर दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये आपण एरर लपवत नाही, लॉगमध्ये टाकतो, तसंच.

पण यात एक खड्डा आहे, शब्दशः. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर आपली घरं आहेत. जुनं घर शंभर उन्हाळे खाऊन बसलेलं असतं. नवीन भाग त्याला चिकटवून उथळ पायावर बांधला तर तो वेगळा हलतो आणि सांध्यात भेग पडते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला आणि जुन्या-नव्या भिंतीत दीड इंच फट सोडली. वरून पत्र्याची पट्टी. ठेकेदार म्हणत होता, कशाला, भरून टाकू. नाही भरली.

छप्पर. कवेलू काढून सरळ टिन टाका, हा सल्ला सगळे देतात, कारण स्वस्त आणि माकडांचा त्रास नाही. पण मे महिन्यात अमरावती-अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. नुसत्या टिनाखाली माणूस राहू शकत नाही, राहिला तर दुसऱ्या वर्षी सोडून जातो. आम्ही टिन टाकलं, पण खाली लाकडी फळ्यांचं तक्तपोशीसारखं छत ठेवलं, मधे हवा फिरायला जागा, दोन्ही टोकांना जाळी. वरून पांढरा रंग. माडी गरम होतेच, पण झोपता येतं.

आणि कुलर. पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्यांनो, विदर्भात खोली पाहायला आलेला माणूस किचनच्या आधी "कुलर कुठी लागते?" विचारतो. कुलर खिडकीबाहेर हवा, त्याला वजन पेलणारा स्टँड हवा, पाण्याचा नळ जवळ हवा, आणि आत आलेली दमट हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी हवी. नसेल तर नुसती चिकचिक.

पण कुलरबद्दल मला जास्त महत्त्वाचं सांगायचंय. दर उन्हाळ्यात आपल्या पेपरात ती बातमी असते. कुलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून कुणी गेलं. पाणी, लोखंडी पत्रा, ओली फरशी आणि घराला अर्थिंग नाही. आमच्या घरात लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग होतं आणि अर्थिंग म्हणजे नळाला गुंडाळलेली तार. सगळं काढलं. नवीन अर्थिंगचे खड्डे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. करंट गळायला लागला की ती क्षणात लाइन तोडते. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो वायर वाचवतो, माणूस नाही. घरमालक व्हायचं असेल आणि एकाच गोष्टीला पैसे असतील तर ते इथे घाला. फरशी राहू द्या.

वीज मीटर तीन वेगळी घेतली. एका मीटरवर सबमीटर लावून वाटणी केली की तिघांची युनिटं एकत्र होऊन वरच्या दराच्या टप्प्यात जातात, आणि मग दर महिन्याला एकोणीस रुपयांवरून भांडण.

एकूण खर्च १६ लाख ४० हजार. एक्सेलमधल्या अकरापेक्षा निम्म्यानं जास्त. यातले फरशी, रंग, ओटे, म्हणजे लोक ज्याला 'रिनोव्हेशन' म्हणून फोटो टाकतात ते, फक्त १ लाख २० हजार. एकट्या संडास-बाथरूमच्या भागाला ४ लाख १० हजार, छपराला ३ लाख ६०. माझी बचत ९ लाख ४० हजार, बाकी सात लाख पर्सनल लोन, पाच वर्षांचं, हप्ता साडेपंधरा हजारांच्या आसपास. गृहकर्जाला आमचं मातीच्या भिंतींचं घर तारण म्हणून कोणाला नको होतं.

एप्रिल २०२४ मध्ये काम संपलं आणि भाडेकरू शोधायला लागलो. दलालाचा पहिला प्रश्न, "आडनाव कोणतं चालते?"

खाली एक नवरा-बायको आणि लहान बाळ. वरती दवाखान्यात काम करणाऱ्या दोन नर्स. त्यांना शहरात इतर ठिकाणी "रात्री उशिरा येणं चालणार नाही" म्हणून नाकारलं होतं, आणि नाइट ड्युटीला माणूस उशिराच येणार ना. मागच्या बिऱ्हाडासाठी धारणीकडचे दोन भाऊ आले, कोरकू, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. अमरावतीत अशी शेकडो मुलं आहेत. गल्लीतल्या एका आजोबांनी बाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "पाहू, दुसरे कोणी भेटते का." मीही पहिल्या दिवशी गप्प बसलो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "पोरं पैसे देऊन राह्यले ना? मंग तुमाले काय पाहिजे, पत्रिका?" करार झाला. आतापर्यंत वेळेवर भाडं देण्यात त्यांचाच पहिला नंबर आहे.

तिघांनीही विचारलेला, आणि मी कधीच न विचार केलेला प्रश्न, गाडी कुठे लावायची? परकोटाच्या गल्लीत दोन बैल जातील एवढीच जागा. शेवटी ओसरीला उतार करून दिला, चार गाड्या तिथे राहतात. आजोबांची बंगई तिथेच आहे, गाड्यांच्या मधोमध. काढायला कोणी तयार झालं नाही.

भाडं एकूण १९ हजार. खाली सात, वर साडेसहा, मागे साडेपाच. त्यातले साडेनऊ हप्त्याला, पावणेपाच बाबांना, पावणेपाच आत्याला. हप्त्याचे उरलेले सहा हजार माझ्या पगारातून. घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि एखादा महिना रिकामा जाणं धरलं तर वर्षाला हातात १ लाख ९० हजारांच्या आसपास येतात. म्हणजे घातलेले पैसे निघायला साडेआठ-नऊ वर्षं. व्याज धरलं तर अजून. म्युच्युअल फंडवाल्या मित्राने हिशोब पाहून डोक्याला हात लावला. त्याचं गणित बरोबर आहे. फक्त पैशासाठी करत असाल तर करू नका. घर पडू द्यायचं नसेल, आणि घरच्यांना महिन्याला काहीतरी हातात यावं असं वाटत असेल, तर करा.

गेल्या पावसाळ्यात त्या दीड इंचाच्या फटीवरची पट्टी एका ठिकाणी सुटली आणि पाणी आलं. फट आता पावणेदोन इंच आहे, मी मोजली. म्हणजे माती हलतेय. भरली असती तर भेग भिंतीत गेली असती.

नवरात्रात आत्या अकोल्याहून आली, दोन दिवस. अंबादेवीचं दर्शन झाल्यावर घरी आली आणि बंगईवर बसली. गाड्यांमुळे पाय सोडायला जागा नव्हती, तर पाय वर घेऊन बसली. वरच्या नर्स पोरींपैकी एक ड्युटीवरून येत होती, तिला थांबवून विचारलं, "किती घेते गं हा तुमच्यापासून?"

"साडेसहा, काकू."

"साडेसहा हजार!" माझ्याकडे वळून म्हणाली, "बाप्पा! लय घेऊन राह्यला तू." मग पोरीला, "कुलर हाय ना वर?"

चला, तर पुढच्या भागात आपण भाडेकरार ओळीनं वाचणार आहोत, कोणती अट ठेवायची आणि कोणती ठेवू नये. तुमच्या घराच्या आखीव पत्रिकेवर कोणाकोणाची नावं आहेत ते तोपर्यंत पाहून ठेवा आणि प्रश्न पाठवा.